‘मॅडम, स्पीड तर बरोबर येतोय’

प्रति,
आमच्या इंटरनेट कंपनीचा तक्रार विभाग,
आणि घोडबंदर रोडच्या पट्ट्यात लाईनवर फिरणारी तुमची मुलं.

स.न.वि.वि.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, कारण तुमच्या ॲपवर केलेल्या सात तक्रारी तुम्ही ‘निवारण झाले’ असा मेसेज पाठवून बंद केल्यात. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. आमच्या पट्ट्यात वाचणाऱ्या प्रत्येकाला ही आपलीच कंपनी वाटेल, आणि तसं वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर ‘गेम खेळणाऱ्या पोरीची आजी’ म्हणून पत्र बाजूला पडेल. मी 1981 साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. 1986 च्या एप्रिलमध्ये आमच्या खात्याचं महानगर टेलिफोन निगम झालं, खुर्ची तीच राहिली. जानेवारी 2020 मध्ये व्हीआरएस घेऊन घरी बसले. त्यातली बरीच वर्षं 198 वर गेली. हा नंबर आजच्या मुलांना माहीत नसेल. घरचा फोन बंद पडला की शेजाऱ्याकडे जाऊन 198 फिरवायचा. पलीकडे मी असायचे. तक्रारीचा डॉकेट नंबर द्यायचे आणि शिव्या खायचे. पावसाळ्यात तर जेवणाचा डबा उघडायची सोय नसे.

त्या टेबलावर एक गोष्ट अंगवळणी पडली. सबस्क्रायबरला फोन कशाला हवाय, हे विचारायचं नाही. कुणाची मुलगी बाळंतपणाला आलेली असायची, कुणाला मटक्याचा आकडा कळवायचा असायचा, कुणाला नुसत्याच बहिणीशी गप्पा मारायच्या असायच्या. लाईन नॉईजी आहे म्हटलं की नॉईजी आहे असं लिहायचं आणि टेस्टला द्यायची. तुमच्या कॉल सेंटरच्या मुलीने मात्र मला पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, गेम सोडून बाकी सगळं चालतंय ना?’

तर गेमविषयी. माझी नात व्हॅलोरंट खेळते. पाच विरुद्ध पाच, बंदुकांचा खेळ आहे. जून 2020 मध्ये आला. त्याचे सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारी यंत्रं, मुंबईतही आहेत, म्हणून इकडच्या पोरांना बरा पडतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण कान अजून टेलिफोनवालीचे आहेत. मे महिन्यात एका रात्री आतल्या खोलीतून रडवेला आवाज आला, ‘आजी, माझी गोळी पोचलीच नाही गं!’

‘पोचली नाही म्हणजे?’

‘सर्व्हरला पोचली नाही. मी आधी झाडली होती!’

हे वाक्य मला कळलं. आयुष्यभर मी हेच ऐकत आले होते: मी बोलले, पण पलीकडे पोचलंच नाही.

तिने मला स्क्रीनवरचा छोटा आलेख दाखवला. गेमच्या सेटिंगमध्ये तो चालू करता येतो. इंटरनेटवर माहिती छोट्या पुड्या करून जाते, त्यांना पॅकेट म्हणतात; वाटेत हरवलेल्या पुड्या म्हणजे पॅकेट लॉस. तो साधारण 3 टक्के, मधेच उडी मारून 11. पडद्यावरचा माणूस धावत पुढे जायचा आणि खस्सकन मागे ओढला जायचा. पोरं त्याला रबरबँडिंग म्हणतात. दोनदा तर ती मॅचमधून बाहेरच फेकली गेली आणि वर गेमनेच तिला दंड लावला, कारण त्याच्या लेखी ती मॅच सोडून पळाली होती. चार मैत्रिणी तिच्यावर चिडल्या ते वेगळंच.

मी फोन लावला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी काय दाबायचं ते यंत्राने सांगितलंच नाही. जी मुलगी बोलली ती मात्र आपलीच निघाली. म्हणाली, ‘मॅडम, स्पीड टेस्ट करा.’ प्लॅन 100 एमबीपीएसचा, टेस्ट आली 96. ‘स्पीड तर बरोबर येतोय.’ तिकीट बंद. असं सात वेळा.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो कागद ठेवला असेल तोच ती वाचणार. कागद लिहिणाऱ्याला मात्र थोडं सांगायचंय.

समजा फोनवर मी म्हटलं, ‘उद्या येऊ नकोस.’ खरखरीत ‘नकोस’ गळालं. पलीकडच्याला ऐकू आलं, ‘उद्या येऊ.’ शहाणा माणूस विचारतो, ‘काय म्हणालीस? पुन्हा सांग.’ वेबपान उघडताना किंवा सिनेमा बघताना कॉम्प्युटर असंच मुकाट्याने पुन्हा मागून घेतो. त्या पद्धतीला टीसीपी म्हणतात. गळालेलं पॅकेट परत येतं, चित्र अर्धा सेकंद उशिरा दिसतं, पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गेम बहुतेक करून यूडीपीवर चालतो. तो पुन्हा मागत नाही, कारण मागून मिळेपर्यंत ती खबर शिळी झालेली असते. शत्रू अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे उभा होता हे आता कळून काय करायचं? व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशेब करतो. म्हणजे एका हिशेबाला आठ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. उशिरा आलेलं पॅकेट त्याच्या दृष्टीने हरवलेलंच.

आणि तुमची स्पीड टेस्ट? ती बहुधा एकाच वेळी अनेक टीसीपी जोडण्या उघडते, दहा-पंधरा सेकंद ओढते, गळालेलं पुन्हा मागून घेते आणि शेवटी एकच आकडा सांगते. बरं, तिचा सर्व्हरही बऱ्याचदा तुमच्याच आवारात असतो. गळती भरून काढायची सोय ज्याच्या अंगात आहे, त्यालाच तुम्ही गळतीचा साक्षीदार म्हणून उभं करताय.

आता माझ्या बाजूचं. ओरडण्याआधी मी माझं घर तपासलं, आणि अर्धा दोष घरातच निघाला. हेही उघडच लिहिते.

फॉल्ट शोधायची पद्धत मी नोकरीला लागले तेव्हा जी होती तीच आज आहे: लाईनचे तुकडे पाडायचे. आमच्या वेळी एक्स्चेंजमधला एमडीएफ (सगळ्या तारा येतात ती चौकट), तिथून रस्त्यावरचं पिलर (तारांचं कपाट), पिलरपासून डीपी (घरांजवळची पेटी), डीपीपासून घर. कोणत्या तुकड्यात बिघाड आहे ते कळल्याशिवाय लाईनमनला सायकलवर पाठवायचं नाही. इथे पहिला तुकडा कॉम्प्युटर ते राउटर. नातीने मला पिंग करायला शिकवलं. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं; त्या वेळेलाही पिंगच म्हणतात. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पिंग लिहायचं, पुढे राउटरचा पत्ता, आमच्याकडे 192.168.1.1, आणि शेवटी वजा टी, म्हणजे थांबवेपर्यंत ते चालू राहतं. स्वतःच्याच घरातला राउटर, मधे एक भिंत. उत्तर एका मिलिसेकंदात यायला हवं. वायफायवर ते कधी 2, कधी 140, आणि पाचशेतली सहा उत्तरं आलीच नाहीत.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मुलाने राउटर टीव्हीच्या कपाटातल्या खणात ठेवला होता, ‘दिसायला बरं दिसत नाही’ म्हणून. नातीचा कॉम्प्युटर वायफायच्या जुन्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या खोलीत शेजाऱ्यांची एकोणीस वायफाय दिसतात. चाळीतल्या नळावरची रांग बरी! शिवाय मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गुरगुरतो, आणि आमच्याकडे रात्री साडेनऊला सगळ्यांची दुधं त्यातच गरम होतात. वाघबीळ नाक्यावरून इलेक्ट्रिशियन आणला आणि भिंतीच्या कडेने पंधरा मीटर लॅन केबल ओढून घेतली. त्यानंतर राउटरपर्यंतचा लॉस शून्य. ज्यांची पोरं गेम खेळतात त्यांना माझं सांगणं आहे, महागडा ‘गेमिंग’ राउटर घेण्याआधी ही केबल ओढा.

दुसरा दोष सुनेच्या फोनचा. रात्री तो चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागायचा. आमचं अपलोड त्याने भरून जायचं, राउटरच्या दारात रांग लागायची आणि नातीची चिमुकली पॅकेटं त्या रांगेत मागे. पिंग 7 वरून 300 वर जायचं, आणि रांग फारच वाढली की राउटर सरळ पॅकेटं टाकून द्यायचा. फोटो आता रात्री दोननंतर चढतात. राउटरमध्ये अपलोडला थोडी कमी मर्यादा घातली, की रांग आपल्याच ताब्यात राहते. चांगल्या राउटरमध्ये त्यासाठी एसक्यूएम नावाची सोय असते. आमच्यात नाही. तुम्ही फुकट दिलेला आहे, तक्रार नाही.

एवढं करूनही तुमच्या गेटवेपर्यंतच्या, म्हणजे तुमच्या नेटवर्कच्या दारापर्यंतच्या, पिंगमध्ये गळती राहिलीच. म्हणून मी वही घातली. तारीख, वेळ, किती गेले, किती आले, बाहेर पाऊस होता का. पंचवीस दिवस. नात म्हणाली, ‘आजी, हे सगळं आपोआप नोंदवणारा प्रोग्राम असतो.’ असेल. हाताने लिहिलं की डोळ्यांना नक्षी दिसते.

आणि नक्षी दिसली. गळती दोन प्रकारची होती. एक हवामानाची: वारा-पाऊस सुटला की दिवसाही पॅकेटं जायची, मधेच राउटरच्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा. दुसरी घड्याळाची: कोरड्या रात्रीही साडेनऊ ते साडेअकरा. 198 वर आम्ही हाच प्रश्न पहिला विचारायचो, ‘बाई, कधी होतं हे?’ पावसात खरखर वाढली की जॉइंटमध्ये पाणी, इन्सुलेशन उतरलं. ठरावीक वेळीच लागत नसेल तर एक्स्चेंजमधे गर्दी. तांब्याची तार जाऊन काचेची, फायबरची आली, तरी हा प्रश्न अजून कामाचा आहे. तुमच्या तक्रारीच्या फॉर्मवर तो नाही.

हवामानाच्या गळतीची गोष्ट तुमच्या लाईनवरच्या मुलामुळे सुटली. तिकीट ऑफिसने बंद केलं होतं, तो शेजारच्या विंगमध्ये आला होता आणि मी त्याला जिन्यात पकडलं. फायबरमधून प्रकाश येतो, आणि राउटरच्या पानावर त्याचं माप दिसतं, डीबीएममध्ये. उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. आमच्याकडे उणे 26 होतं, वाऱ्यात उणे 28 च्याही खाली जायचं. नेहमीच्या जीपॉन लाईनवर, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटतात त्या लाईनवर, घरचा डबा साधारण उणे 27 पर्यंत ऐकू शकतो. तीन डीबी उतरले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. पोराने ते बघितलं आणि न बोलता गच्चीवर गेला. मीही गेले, गुडघे दुखत असताना.

गच्चीवर फायबरची वायर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला काटकोनात वळवून सुतळीने बांधलेली. काचेची तार एवढी वाकवली की प्रकाश बाजूने निसटतो. वारा आला की ती आणखी ताणली जायची. आणि जॉइंट बॉक्समध्ये हिरव्या कपलरमध्ये, म्हणजे दोन वायरींची टोकं जोडायच्या तुकड्यात, निळा कनेक्टर खुपसलेला. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघांची तोंडं जुळत नाहीत, मधे फट राहते आणि प्रकाश तिथे सांडतो. कुणीतरी कधीतरी घाईत हाताला लागला तो कनेक्टर लावला होता. पोराने वायर ऐसपैस वळणाने फिरवली, कनेक्टर बदलला, पुसला. खाली येऊन पाहिलं तर उणे 20. वीस मिनिटांचं काम होतं. त्यानंतर वारा-पाऊस कितीही झाला तरी पॅकेट गेलं नाही.

बाळा, तू हे वाचत असशील तर, तुझं नाव मी कुठेच सांगितलेलं नाही. तू म्हणालास, दिवसाला बारा-पंधरा घरं होतात आणि चौघांत मिळून एक पॉवर मीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र, आहे. मी तुझ्या साहेबाला हेच विचारतेय, की चौघांत एक कसा? आमच्या लाईनमनच्या खांद्यावर तरी टेस्ट फोन प्रत्येकाचा असायचा.

राहिली घड्याळाची गळती. ती गच्चीवर नाही, माझ्या घरात नाही. ती तुमच्याकडे आहे.

इथे माझी एक चूक आधीच सांगते, कारण तुमच्या इंजिनिअरने तीवर बोट ठेवलं आणि ते बरोबरच होतं. घरापासून सर्व्हरपर्यंतचा एकेक टप्पा दाखवणारा विनएमटीआर नावाचा प्रोग्राम आहे. त्यात मला चौथ्या टप्प्यावर 80 टक्के लॉस दिसला. मी लगेच फोटो काढून पाठवला, सापडला चोर म्हणून. तो म्हणाला, पुढच्या टप्प्यांवर किती आहे? शून्य. मग तो लॉस खरा नाही. वाटेतले मोठे राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सगळ्यात शेवटी ठेवतात. पॅकेट पुढे ढकलायचं काम मात्र चोख करतात. पॅकेट खरंच गळत असेल तर त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे गळती दिसते. शिकले. आता जो फोटो पाठवलाय त्यात तिसऱ्या टप्प्यापासून शेवटपर्यंत 4 टक्के आहे, तेरा रात्रींचा, आणि तो टप्पा तुमच्याच नेटवर्कमधला आहे. त्यावर उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते असं: ‘आपल्या लाईनचा सरासरी पॅकेट लॉस मर्यादेत आहे.’

मर्यादा मला माहीत आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2006 च्या ब्रॉडबँड नियमावलीपासून पॅकेट लॉसचा निकष 1 टक्का आहे, आणि जुन्या तीन नियमावल्या एकत्र करून केलेली नवी नियमावली 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाली. पण सरासरीचा हिशेब करून बघा. रात्रीचे दोन तास 4 टक्के, उरलेले बावीस तास शून्य. दिवसाची सरासरी एक-तृतीयांश टक्का. कागदावर तुम्ही नापास होतच नाही, आणि पोरगी एकही मॅच धड खेळत नाही. त्या दोन तासांतही सगळी सेकंदं सारखी नसतात. शंभर सेकंदांत एक टक्का गळती सुटी सुटी विखुरली तर गेम सांभाळून घेतो. तीच एक टक्का एका अख्ख्या सेकंदात गेली तर त्या सेकंदात माणूस मेलेला असतो. सरासरी विचारूच नका. सगळ्यात वाईट मिनिट कोणतं ते विचारा.

गर्दी होते, हे मला मान्य आहे. जीपॉनमध्ये एका फायबरवरचा अडीच गिगाबिट बत्तीस घरांत वाटला जातो असं धरलं, तर सगळ्यांनी एकदम 100 मागितले की पुरणार नाही. सगळे एकदम मागत नाहीत यावरच हा धंदा चालतो, आमच्या एक्स्चेंजचाही तसाच चालायचा. दिवाळीच्या सकाळी ट्रंक, म्हणजे दोन एक्स्चेंजांमधली लाईन, मिळायची नाही. पण रोज रात्री मिळत नसेल तर आम्ही ट्रंका वाढवायचो. एप्रिल-मेमध्ये आयपीएलची शेवटची षटकं सुरू झाली की तुमची लाईन गुदमरते, हे मी समजू शकते. जूनच्या साध्या मंगळवारी का?

अंतराचं कारण तर देऊच नका. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. ठाण्याहून मुंबईला पोचायला त्याला मोजण्याजोगा वेळच लागत नाही. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये आम्हाला लागतो तो वेगळा विषय. सकाळी मुंबईच्या सर्व्हरचं पिंग 7 असतं. दोन रात्री ते 68 झालं होतं. तेव्हा पॅकेट मुंबईला कोणत्या गावावरून गेलं, तेही जमल्यास कळवा.

माझं मागणं फार नाही. गेमवाल्याची तक्रार आली की स्पीड टेस्ट मागू नका, वेळ विचारा. तक्रार रात्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन करून ‘आता चालतंय ना?’ म्हणू नका. चालणारच, सगळे ऑफिसात असतात. आमच्या विंगेच्या लाईनवर रात्री दहाला किती भार असतो, तो आकडा दाखवा. प्रत्येक मुलाला पॉवर मीटर द्या, आणि हिरव्या कनेक्टरचा डबा. घोडबंदरला सतत कुठे ना कुठे खणतात. मार्च 2023 मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलंय, खणणाऱ्याने आधी कळवावं म्हणून. त्यावर तुमच्या केबलींची नोंद आहे का, तेवढं सांगा. आणि तिकीट बंद करण्याआधी ज्याने तक्रार केली त्याला विचारा. आम्ही रिंग करून विचारायचो, ‘आता ऐकू येतंय का स्वच्छ?’ त्याने हो म्हटल्यावर डॉकेटवर काट मारायची.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हे पत्र टाकतेय. तिथल्या काही मंडळींचं म्हणणं, ‘पोरं गेम कमी खेळतील, बरंच आहे.’ त्यांच्यासाठी: ज्या घड्याळाच्या वेळी नातीची गोळी पोचत नाही, त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांचा अमेरिकेतला मुलगा व्हिडिओवर थिजतो, आणि ते त्याला ‘तुझ्याकडचं नेट खराब आहे’ म्हणतात.

येत्या बुधवारी नातीची मॅच आहे, रात्री साडेनऊला. मी घरीच आहे. तुमच्या इंजिनिअरला पाठवा, लॅपटॉप घेऊन, आणि शेजारी बसून तासभर पिंग बघू दे. वही टेबलावर काढून ठेवते. बी विंगची लिफ्ट दहानंतर अडते, म्हणून जिन्याने या. चहा ठेवीन, गॅसवरच. साडेनऊला मायक्रोवेव्ह लावला की नात ओरडते.

आपली,
एक सबस्क्रायबर
(निवृत्त, 198)
घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम